राग येतो आणि राग धरतो

॥ श्रीगुरवे नमः ॥



गेल्या महिन्यात आपल्या महिलांच्या ग्रुपवर एका ताईंनी प्रश्न टाकला होता. "रोज जप होतो, पोथी होते, सेवेलाही येते. तरी घरात राग यायचा तो येतोच. मग माझी साधना कमी पडते का?" त्याखाली बघता बघता 'माझंही अगदी असंच', 'माझ्या मनातलं बोललात' अशी रांग लागली. कुणी थंड पाणी प्यायला सांगितलं, कुणी दहापर्यंत आकडे मोजायला. उपाय चांगलेच आहेत. पण ताईंनी उपाय विचारला नव्हता. राग येणं हाच दोष आहे का, हे त्यांना हवं होतं. वार्तापत्राची सेवा करणाऱ्या आम्ही भगिनी त्यावर दोन-तीन वेळा बोललो. बोलता बोलता लक्षात आलं की या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आपण रोज तोंडाने म्हणतच असतो, फक्त ऐकत नाही. तेच आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

*कोण आलं?*

आपण म्हणतो, "मला राग आला." शाळेत व्याकरणाच्या तासाला बाई विचारायच्या, या वाक्यात कर्ता कोण? वर्गातली निम्मी मुलं सांगायची, 'मी'. बाई म्हणायच्या, 'मी' कुठे दिसतोय? येण्याची क्रिया कोण करतंय? राग. म्हणजे राग हा कर्ता. आपण तिथे आहोत ते 'मला' म्हणून. आता बाकीची वाक्यं बघा. कंटाळा आला. भीती वाटली. दुःख झालं. आनंद झाला. हुरहूर लागली. धास्ती बसली. भावना येते, वाटते, होते, लागते, बसते. ती 'करायला' कुणी जात नाही.

हे काही मराठीपुरतंच नाही. आपले परिवार वेगवेगळ्या प्रांतांत पिढ्यान् पिढ्या राहिलेले आहेत, त्यामुळे शेजारच्या भाषा आपल्या घरातल्याच. इंदूर-ग्वाल्हेरकडे 'मुझे गुस्सा आया' म्हणतात. बडोद्यात 'मने गुस्सो आव्यो'. गोव्यात 'म्हाका राग आयलो'. बेळगावला कन्नड शेजारीण म्हणते 'ननगे सिट्टु बंतु', आणि हैदराबादला तेलुगू शेजारीण म्हणते 'नाकु कोपं वच्चिंदि'. लिपी वेगळी, शब्द वेगळे, पण सगळीकडे रागच आला आणि तो 'मला' आला.

इंग्रजी शाळेत जाणारी आपली नातवंडं कधीकधी म्हणतात, "मी खूप अँग्री आहे." इंग्रजीत तशीच पद्धत आहे, मुलांना बोल लावायचं कारण नाही. पण कानाला फरक कळतो. 'आहे' म्हटलं की राग आणि मी एकच होऊन बसलो. 'आला' म्हटलं की दोघं झाले. एक आलेला, आणि एक ज्याच्याकडे तो आला. आणि जो आला आहे तो जाऊही शकतो.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भावांची मांडणी केली आहे. त्यात ८ स्थायी भाव आहेत आणि ३३ व्यभिचारी, म्हणजेच संचारी भाव. संचारी म्हणजे हिंडते-फिरते, येऊन जाणारे. असूया, चिंता, शंका, विषाद हे सगळे या ३३ जणांत आहेत. क्रोध मात्र ८ स्थायी भावांत आहे. म्हणजे त्याचं बी प्रत्येकाच्या मनात असतंच असं आपल्या शास्त्राने धरलेलं आहे. जे सर्वांच्याच मनात आहे ते आपल्या मनात सापडलं म्हणून साधना वाया गेली असं कसं म्हणावं?

*मग आपलं काम कोणतं?*

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, वा! राग आपोआप येतो, म्हणजे आपण मोकळे. तसं नाही. मराठीत त्याच रागाला दुसरी क्रियापदंही आहेत, आणि तिथे कर्ता आपण आहोत. राग धरतो आपण. राग काढतो आपण, आणि तोही बहुतेक वेळा ज्याच्यावर आला त्याच्यावर नाहीच. ऑफिसातला राग मुलांवर निघतो, माणसांवरचा राग भांड्यांवर. राग गिळतो आपण. एखाद्याचा राग राग करतो आपण. आणि राग सोडतोही आपणच.

एकदा या दृष्टीने बघायला लागलं की घरात अशा जोड्याच जोड्या सापडतात. कंटाळा येतो आणि कंटाळा करतो. आई लेकराला "कंटाळा येऊ देऊ नकोस" असं कधी म्हणत नाही, ती म्हणते, "कंटाळा करू नकोस." तिला ठाऊक आहे की येण्यावर लेकराचा ताबा नाही, करण्यावर आहे. संशय येतो आणि संशय घेतो. मनात शंका चमकून जाणं वेगळं, आणि माणसाचे खिसे, मोबाईल तपासत बसणं वेगळं. हेवा वाटतो आणि हेवा करतो. मैत्रिणीच्या मुलाला परदेशी नोकरी लागली, क्षणभर पोटात काहीतरी हललं, तो वाटलेला हेवा. पुढे चारचौघींत "लागली खरी, पण ओळखीने" असं बोललो, तो केलेला हेवा. पहिल्याचा दोष देवही देणार नाही. दुसऱ्याचा हिशोब आपल्यालाच द्यायचा आहे.

सगळ्यांत सुंदर शब्द आम्हाला 'काळजी' वाटतो. त्यात काळीजच ऐकू येतं. काळजी वाटते, काळजी करतो आणि काळजी घेतो. शब्द एकच. मुलगा हैदराबादहून रात्रीच्या गाडीने निघालाय. काळजी वाटली, ती वाटणारच, आईचं मन आहे. मग आपण दर अर्ध्या तासाने फोन करून "कुठे पोचलास" विचारतो, रात्रभर जागतो, सकाळी त्याच्यावरच चिडतो. ही काळजी केली. आणि डबा बांधून दिला, गोळ्या आठवणीने बॅगेत ठेवल्या, पोचल्यावर एक मेसेज टाक म्हणून सांगितलं आणि दिवा मालवून झोपलो. ही काळजी घेतली. आलेली भावना तीच. पुढे तिचं काय केलं त्यावर घरातली शांतता ठरली.

तर ताईंच्या प्रश्नाला आमच्यापुरतं उत्तर असं. राग येणं हा दोष नाही. साधनेची परीक्षा पुढच्या क्रियापदात आहे.

*'आला' हा परवाना नाही*

इथे मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. 'राग आला' या वाक्याचा आपल्या घरांत गैरवापरही भरपूर होतो. "मला राग आला म्हणून मी बोललो", "मला राग आला म्हणून हात उगारला." बघा, या वाक्याचे दोन तुकडे आहेत. पहिल्यात कर्ता राग आहे. दुसऱ्यात कर्ता 'मी' आहे. 'म्हणून' या एका शब्दाने दोन्ही जोडले की दुसऱ्या तुकड्याची जबाबदारीही रागाच्या खात्यावर जाते. ते चालणार नाही. साहेबांवरही राग येतो, पण तिथे कुणी हात उगारत नाही. म्हणजे तिथे थांबता येतं. मग घरातही थांबता येतं. ज्या घरात कुणाचा हात उठतो तिथल्या बाईला किंवा मुलाला 'राग गिळ, सहन कर, हीच साधना' असं सांगणं हे अध्यात्म नाही, अशी आमची समजूत आहे. तिथे विश्वासाच्या माणसाला सांगावं, मदत मागावी.

दुसरंही एक बघा. घरातल्या पुरुषाला येतो तो 'राग'. तीच गोष्ट बाईला झाली तर म्हणतात 'चिडचिड करते', 'फुगून बसली', 'नाकावर राग'. सुनेचा राग म्हणजे फणकारा, आजोबांचा राग म्हणजे 'जरा तापट स्वभाव'. एकाच भावनेला माणूस बघून नाव द्यायचं, आणि मग एकाचा राग ऐकायचा नि दुसरीचा हसण्यावारी न्यायचा, हा अन्याय शब्दांतूनच सुरू होतो. ज्याला राग म्हणायची सोय नाही त्याला तो गिळावा लागतो. गिळलेला राग पोटातच राहतो. मग धुसफुस होते, आदळआपट होते, नाहीतर दुखणं तरी निघतं.

राग गिळणं आणि राग काढणं यांच्या मधे मराठीने एक तिसरी वाट ठेवली आहे. राग बोलून दाखवणं. आवाज न चढवता, ज्याच्यावर आला आहे त्यालाच, "मला या गोष्टीचा राग आला आहे" असं सांगणं. सोपं नाही. पण शेजारणीला सांगण्यापेक्षा आणि स्टेटसला टोमणा ठेवण्यापेक्षा यात पाप कमी आणि गुण जास्त!

*नाव नीट घ्यावं*

बोलून दाखवायचं तर आधी काय झालंय ते कळायला हवं. हल्ली मोठ्यांपासून लहानांपर्यंत दोनच शब्द झाले आहेत, 'टेन्शन' आणि 'मूड ऑफ'. परीक्षेचंही टेन्शन, लग्नाचंही टेन्शन, पाणी गेलं तरी टेन्शन. आणि आपल्याकडे एका रागाचीच किती नावं आहेत!

रुसवा हा आपल्याच माणसावर असतो, परक्यावर कुणी रुसत नाही. रुसलेल्याला समजूत हवी असते, उपदेश नको असतो. वैताग थकव्यातून येतो. पाहुणे, स्वयंपाक, आजारपण सगळं एका माणसावर पडलं की येतो तो वैताग. त्याला हातभार लागतो, श्लोक नाही. चीड अन्यायाची येते, तिला थंड पाणी प्यायला लावू नये, तिने काहीतरी चांगलं काम उभं राहू शकतं. संतापात अंग पोळतं, तेव्हा बोलूच नये, आधी ताप उतरू द्यावा. आणि त्रागा म्हणजे दुसऱ्याला टोचावं म्हणून स्वतःला त्रास करून घेणं. "मी जेवतच नाही आता!" हा त्रागा.

पाच नावं, पाच वेगळी औषधं. वैतागलेल्या सुनेला आपण रुसली समजून समजावत बसलो तर तिचा वैताग वाढेलच. तिला हवंय ते एवढंच की कुणीतरी उठून कुकर लावावा.

नुसतं नाव घेण्यानेही फरक पडतो असं विज्ञानही सांगतं. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांची चित्रं दाखवली. चेहऱ्यावरच्या भावनेला त्यांनी शब्द निवडून नाव दिलं, तेव्हा मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग, जो धोका दिसला की जागा होतो, तो शांत होताना दिसला. आपल्या आज्या काही विद्यापीठात गेल्या नव्हत्या. पण "काय होतंय ते नीट सांग बघू" असं मांडीवर घेऊन विचारायच्या, ते हेच.

यातच एक सावधगिरी. भावनेला नाव द्यावं, माणसाला देऊ नये. "त्याला राग आलाय" आणि "तो रागीट आहे" यांत फार अंतर आहे. चार वेळा भीती वाटली की आपण मुलाला 'भित्रा' म्हणतो, दोनदा हट्ट केला की 'हट्टी'. पाहुणा म्हणून आलेली भावना आपणच त्याच्या नावाने घरात कायमची वस्तीला ठेवतो. मुलगा मोठा झाला तरी पाहुण्यांपुढे ओळख तीच. तो बदलला तरी नाव बदलत नाही, आणि मग तोही म्हणतो, मी आहेच असा.

*राग म्हणजे आधी रंग*

बाहेर वाढलेल्या आपल्या मुलांना एक गंमत वाटते. हिंदी वातावरणात 'राग' म्हटलं की यमन नाहीतर भूप. 'आजीला राग आला' म्हटल्यावर 'कुठला?' असं विचारणारी नातवंडं आपल्याकडे आहेत! पण मुलांची शंका तशी रास्त आहे. संस्कृतात 'राग' म्हणजे रंगणं, रंग चढणं, आणि त्यावरून आसक्ती, ओढ. 'अनुराग' म्हणजे प्रेम, आणि 'वैराग्य' म्हणजे ती ओढ सुटणं, या शब्दांत तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाची लक्षणं सांगताना राग आणि क्रोध असे दोन वेगळे शब्द येतात. तिथे राग म्हणजे आसक्ती.

मराठीत मात्र तोच शब्द क्रोधासाठी रूढ झाला. शब्दाचा प्रवास कसाही झालेला असो, आपल्याला त्यातून शिकायला मिळतं. त्याच अध्यायात पुढे सांगितलं आहे की विषयाचं चिंतन करत राहिलं की संग जडतो, संगातून इच्छा आणि इच्छेतून क्रोध होतो. म्हणजे जिथे ओढ, तिथेच राग. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नाही त्याचा आपल्याला सहसा राग येत नाही. राग आला की मनाला हळूच विचारावं, "आपण इथे काय घट्ट धरून बसलो होतो?" कधी उत्तर येतं, मान. कधी येतं, माझीच पद्धत बरोबर. आणि कधी येतं, न्याय. उत्तर 'न्याय' आलं तर तो राग सोडायचा नाही, नीट बोलून दाखवायचा. 'मान' आलं तर हसून सैल सोडावं.

*ताटी उघडणं*

मोठमोठ्या संतांनाही उद्वेग आला. लोकांच्या वागण्याने खिन्न होऊन ज्ञानेश्वर महाराज झोपडीची ताटी लावून आत बसले, आणि धाकट्या बहिणीने, मुक्ताईने बाहेरून त्यांची समजूत घातली, अशी कथा परंपरेने आपल्याकडे आली आहे. तेच 'ताटीचे अभंग'. आम्हाला त्यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. माउलींना उद्वेग आला याचं कुणाला नवल वाटत नाही, त्यांचं मोठेपण त्याने कमी होत नाही. मुक्ताईचं मागणं एवढंच, दार उघड. येणारं आलं, पण दार लावून बसू नको. 'आला' आणि 'धरला' यांच्या मधे जी ताटी असते ती उघडायला बाहेर कुणीतरी धाकटं, प्रेमाचं माणूस उभं असावं, आणि आपण आतून कडी काढावी. एकाच गावात राहून वाटणीवरून दहा-दहा वर्षं न बोलणारे भाऊ आपण पाहतो. वाद झाला त्या दिवशी दोघांना राग आला होता. तो त्याच आठवड्यात गेलाही असेल. उरलेली दहा वर्षं तो धरलेला आहे.

*जेव्हा येत नाही तेव्हा*

शेवटी एका अवघड प्रश्नाकडे वळतो. भावना नको असताना येते, तशी हवी असताना येत नाही, तेव्हा काय? परगावच्या एका भगिनींनी आम्हाला कळवलं होतं. सासऱ्यांनी आयुष्यभर कधी धड शब्द दिला नाही, आता ते अंथरुणाला खिळले आहेत. त्या सगळं करतात. अंघोळ, औषध, भरवणं. "पण मनात माया येत नाही. मग हे सगळं ढोंगच ना?"

ताई, ढोंग नाही. मराठीत जसा 'जीव लागतो' आहे तसा 'जीव लावणं'ही आहे. लळा लागतो आणि लळा लावतात. माया वाटते आणि माया करतात. वाटणारी माया कुणाला हुकमाने आणता येत नाही. ज्यांनी कधी दिली नाही त्यांच्यासाठी ती आली नाही, यात तुमचा काहीच दोष नाही. 'करायची' माया तुम्ही रोज करता आहात. कोमट पाण्यात बोट घालून बघता, घास मऊ करून देता, हीच ती. आतून काय वाटतं याचा हिशोब आपण कुणी मागू नये. घरातल्या बाकीच्यांनी मात्र एवढं विचारावं की ही माया एकट्या ताईंनीच का करायची? लेकानेही एक वेळचं भरवणं घ्यावं. लेकाच्या मनात माया वाटत असेलच, पण ती वाटून भागत नाही, करायला लागते.

येत्या पंधरवड्यात घरोघरी एक छोटा अभ्यास करूया. रात्री जेवताना प्रत्येकाने एकच सांगायचं: आज मला काय आलं, आणि मी त्याचं काय केलं. पहिल्या भागाला कुणी नावं ठेवायची नाहीत, उपदेश करायचा नाही, हसायचं नाही. दुसऱ्या भागावर हवं तर प्रेमाने बोलावं. लहान मुलांना शब्द सापडला नाही तर आजी-आजोबांनी द्यावा. तुमच्या गावच्या बोलीतला एखादा जुना शब्द निघाला, तर तो ग्रुपवर जरूर टाका, पुढच्या अंकात सगळ्यांपर्यंत पोचवू.

आपल्या,
वार्तापत्र सेवेतील भगिनी 🙏